आमची वाटचाल: हिरव्या तोंडांचा टीव्ही

1994 साली बेळगावच्या शहापुरात दहा बाय बाराच्या गाळ्यात मी टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. भांडवल म्हणजे एक मल्टीमीटर, एक सोल्डरिंग आयर्न आणि वडिलांनी सोसायटीतून काढून दिलेलं कर्ज. पहिलं वर्ष भाडं निघता निघता गेलं. आमचं नाव झालं ते दुसऱ्या वर्षी, वडगावच्या एका मावशींमुळे.

त्यांच्या घरी माग होते. "दादा, टीव्हीत माणसांची तोंडं हिरवी दिसूलीत," म्हणाल्या. आधी पाहून गेलेल्या मेकॅनिकनं पिक्चर ट्यूब गेली म्हणून हजारांत खर्च सांगितला होता. मी घरी गेलो. टीव्हीला खेटून दोन मोठे स्पीकर बॉक्स होते, गणपतीत आणलेले, तिथंच राहिलेले. ट्यूब धडधाकट होती. बॉक्स हलवले, पडद्यासमोर चुंबकत्व काढायची कॉइल फिरवली, तोंडं पुन्हा माणसाच्या रंगाची झाली. तीस रुपये घेतले. पुढच्या महिनाभरात त्या गल्लीतले चार सेट माझ्याकडे आले.

रंगीत ट्यूबमध्ये काचेच्या मागे बारीक भोकांची पातळ पोलादी जाळी असते. तिच्यातून ट्यूबच्या मागच्या टोकाच्या तीन इलेक्ट्रॉन गनचे किरण आपापल्या लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांवर पडतात. जाळीत चुंबकत्व भरलं की किरण वाकतात आणि भलत्याच ठिपक्यावर जाऊन पडतात. स्पीकरचं चुंबक जवळ आलं तर हे होतंच, पण नुसतं टीव्हीचं तोंड पूर्वेचं उत्तरेला केलं तरी पृथ्वीच्या चुंबकत्वानं कोपऱ्यात रंग बदलू शकतो. घर बदललेले लोक म्हणूनच हटकून यायचे. चंदगडकडची माणसं शिनोळीवरून सेट घेऊन यायची. चिकोडीचे एक गिऱ्हाईक दारातूनच कानडीत "बण्ण सरि इल्ल" (रंग बरोबर नाही) म्हणायचे, आणि मी कॉइल खिळ्यावरून काढायचो.

ती कॉइल मी पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या शेजाऱ्याकडून गुंडाळून घेतली होती. थाळीएवढं कडं, आत तांब्याच्या तारेचे शेकडो फेरे, हाताशी दाबायचं बटण. बटण दाबून पडद्यासमोर गोल गोल फिरवायची आणि फिरवत फिरवतच सहा-सात फूट मागं सरायचं. लांब गेल्यावर कॉइल आडवी करून मगच बटण सोडायचं. एसी करंटनं चुंबकत्व दर क्षणी उलटंपालटं होत असतं. आपण लांब जाऊ तसं ते क्षीण होत होत शून्याला येतं. पडद्याजवळच बटण सुटलं, तर त्या क्षणाचं चुंबकत्व जाळीत तसंच राहतं.

हे मी खानापूर तालुक्यात शिकलो. कॉइल पडद्याला लावली आणि नेमकी लाईट गेली. रात्री लाईट आली तेव्हा अर्धा पडदा जांभळा! आधी फक्त एक कोपरा होता. घरातली सगळी माझ्याकडे बघत होती. अकरा वाजेपर्यंत थांबून पुन्हा दोनदा फिरवली तेव्हा पडदा साफ झाला. त्यांनी भाकरी-आमटी वाढली, पण माझ्या घशाखाली उतरेना. तेव्हापासून लाईटची वेळ विचारल्याशिवाय बाहेरगावी कॉइल काढली नाही.

सेटमध्येही ट्यूबभोवती अशीच एक कॉइल असते. मेन स्विच चालू करताना "धुम्म" असा आवाज यायचा, तो तिचा. तो आवाज गेला की आम्ही आधी पोझिस्टर बघायचो, म्हणजे त्या कॉइलचा करंट आपोआप कमी करत नेणारा छोटा पार्ट. तो थोडक्या पैशात बदलून व्हायचा. पुष्कळांचा पोझिस्टर चांगलाच असे. ते रिमोटनं टीव्ही बंद करत, मेन स्विच महिनोन्‌महिने चालूच, त्यामुळे ती कॉइल चालायचीच नाही. त्यांना मी सांगायचो, रात्री मेन बंद करा, सकाळी लावा. त्याचे पैसे कधी घेतले नाहीत. मात्र सेट पडून जाळीच वाकली असेल, तर कितीही कॉइल फिरवा, डाग जात नाही. तेही तोंडावर सांगायचो.

पुढं एलईडी आले. आता दुकानात दोन मुलं आहेत आणि बहुतेक काम बॅकलाइट पट्ट्यांचं. कॉइल खिळ्यावर असते. मागच्या दिवाळीत इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी जुने व्हिडिओ गेम खेळायला घेतलेला एकवीस इंची ट्यूबवाला सेट घेऊन आला. कोपरा जांभळा होता. "मी फिरवू काय, काका?" म्हणाला. मी कॉइल त्याच्या हातात दिली, अंगठा सोडू नको म्हटलं. तो गोल फिरवत, मागं सरत सरत, पार दुकानाच्या पायरीपर्यंत गेला.