वरातीच्या बँडवर किशोर कादंबरी लिहायची तर

बँडमधल्या पोरांवरच्या किशोर कादंबऱ्यांचा साचा ठरलेला असतो. गॅरेजमध्ये जमलेली चार मुलं, एक गिटार, मधे भांडण, शेवटी शाळेतली स्पर्धा. हा साचा उचलून लातूर-परभणीकडं आणला की पहिल्याच पानावर अडतो. गॅरेज आहे कुणाकडं? आपल्याकडची वाजवणारी पोरं बँजो पार्टीत असतात, आणि त्यांना स्पर्धेपेक्षा सुपारीची काळजी असते. अशा कादंबरीचं कथानक रुसव्या-फुगव्यांत शोधत बसू नये. ते कॅलेंडरात आणि वाद्यांत तयारच असतं.

आधी कॅलेंडर. तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं सुरू होतात. त्याच सुमारास साखर कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू होतात आणि बीड, जालना, धाराशिवकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ताशा वाजवणाऱ्या पोराचे आईबाप कोयत्यावर असतील तर नोव्हेंबरातच प्रश्न उभा राहतो: पोरगं सोबत जाणार की आजीपाशी राहणार? गेलं तर मार्च-एप्रिलशिवाय परत नाही. फेब्रुवारी-मार्चात बोर्डाची परीक्षा. तिथून सुटले की 14 एप्रिलची जयंती, आणि मे महिन्यात दाट तिथी. आषाढी एकादशीनंतर चार महिने लग्नं बंद. मग पोळा, गणपती, नवरात्रावर भागवायचं. तुळशीच्या लग्नाला सुरू होऊन आषाढीला संपणारी कादंबरी घेतली तर मधल्या भागात पार्टीला ताशेवालाच नाही. वेगळा खलनायक लागत नाही.

आता वाद्यं. इथले बहुतेक लेखक "त्यानं सुरेल धून छेडली" म्हणून पुढं सरकतात, आणि तिथंच वाजवणारा वाचक पुस्तक मिटतो. आपला बँजो म्हणजे टाइपरायटरसारख्या खटक्यांचा, ताइशोगोतो या जपानी वाद्याच्या वंशातला. डाव्या हातानं खटके दाबायचे, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या, आणि पिकअपची वायर गाडीवरच्या अँप्लिफायरला. मे महिन्यात दुपारी बारा-एकची वरात, पारा 42 वर. उन्हानं पोलादी तार सैलावते आणि बँजो उतरतो. ट्रम्पेटचं उलटं: नळीतली हवा तापली की सूर चढतो. सकाळी सावलीत एकमेकांना मिळवलेली दोन वाद्यं तासाभरात फाकतात. ट्रम्पेटवाला जाणता असेल तर ट्यूनिंगची सरकनळी थोडी बाहेर ओढतो. नवखा ओठ ढिले सोडून सूर खाली ओढायला बघतो आणि मारुतीच्या पारापर्यंत त्याचे ओठ संपतात. "सूर जुळेना" एवढं लिहून भागत नाही. कुणाचा चढला आणि कुणाचा उतरला हे लिहिलं की भांडण आपोआप होतं, कारण दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं.

हलगीचं गणित याच्या उलट. कोरड्या उन्हात कातडं आपसूक ताणलेलं असतं. पोळ्याला हवेत ओल असते, कातडं सैल पडतं, आवाज भदभद येतो. मग कडब्याच्या जाळावर शेकायची, हातभर अंतरावरून, फिरवत. घाई केली, एकाच जागी धरली, तर कातडं तडकतं. आणि हलगी आणायची तर ती कुणाच्या घरातून आली हे टाळता येत नाही. गावकीत वाजवायचं काम कुणाच्या वाट्याला होतं आणि 1956 नंतर बौद्ध वस्त्यांनी गावकीची कामं का सोडली, हे आजोबाच्या तोंडी दोन वाक्यांत तरी यायला पाहिजे. नातू हौसेनं हलगी उचलतो आणि आजोबा उठून आत जातो, यात अख्खं प्रकरण आहे.

कीबोर्डवरचा एक प्रसंग तर आयता आहे. वाजवणारा पोरगा बोटं पांढरी एकमध्येच फिरवतो आणि गाणाऱ्याच्या काळी एकसाठी, म्हणजे अर्ध्या सुरानं वरच्या पट्टीसाठी, ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवणारी सोय) एकनं वाढवून ठेवतो. जनरेटर बंद पडला, पुन्हा सुरू झाला. बऱ्याच कीबोर्डांत असं झालं की ट्रान्सपोज शून्यावर येतं. गाणारा आपल्या पट्टीत उभा, कीबोर्ड अर्ध्या सुरानं खाली.

"काय वाजवायलास रे?"
"मघाचंच की."
"मघाचं न्हाई हे. बटन बघ आधी."

एवढ्या तीन ओळींत दोघांचं नातं कळतं, आणि संगीत न येणाऱ्या वाचकालाही काय बिघडलं ते कळतं.

गाणारा तेरा-चौदाचा असेल तर त्याचा आवाज कादंबरीभर एकच ठेवू नये. पहिल्या प्रकरणात तो काळी चारमध्ये गात असेल तर फुटल्यावर साधारण सप्तकभर खाली येतो, आणि मधले काही महिने वरचा पंचम लागेल की फाटेल याचा भरवसा नसतो. त्याच गाण्यावर सुपाऱ्या मिळत असतील तर पार्टीचा धंदाच त्याच्या गळ्यावर टांगलेला.

तालमीची जागा बहुतेक पत्र्याचं शेड. पत्रा घुमतो, झांज कानात शिरते. भिंतीवर रिकामी पोती टांगली की बरंच कमी होतं. माईक स्पीकरच्या पुढं आणला की शिट्टी बसते, तो मागं न्यायचा. हे ओघात आलं तरी पुरे.

वेळेचं मात्र भान पाहिजे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 स्पीकर बंद. त्यामुळं शेवटची मोठी वरात मध्यरात्री रंगवली तर पोलिसांची गाडीही रंगवावी लागेल.

आणि हिशेब लिहा, आकड्यांसकट. इसार किती घेतला, गाडीभाडं आणि डिझेल किती गेलं, वाटणी माणशी की वाद्याचाही वाटा धरून. ज्याच्या बापानं कर्ज काढून कीबोर्ड घेतला तो दोन वाटे मागणार, आणि त्याचंही चूक नाही. राहिलेली रक्कम मागायची ती वरात मांडवाच्या दारात जायच्या आधी, शेवटच्या वळणावर, वाजवणं थांबवून. एकदा नवरदेव आत गेला की पैसे देणारा मामा पंगतीत बसतो.