बेअरिंग नवं, तर गाडी जुनी कशी?

बॉनेट उघडून उभं राहिलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न ॲव्हरेजचा. तिथे मी हसून वेळ मारून नेतो. पण एखादा जाणकार कडेने वाकून बघतो आणि खालच्या पट्टीत विचारतो, "काका, आत शेल बेअरिंग बसवलीत म्हणे. मग ही 1930 ची कसली?" शेल म्हणजे अर्धगोल पट्ट्यांचं, काढून बदलता येणारं आधुनिक बेअरिंग. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

गाडी फोर्ड मॉडेल ए. चार सिलिंडर, 3.3 लिटर, 2200 आरपीएमला 40 हॉर्सपॉवर. 1927 ते 1931 या काळात फोर्डने अशा 48 लाखांच्या आसपास गाड्या बनवल्या, तेव्हा दुर्मीळ वगैरे म्हणून मला कुणी भाव देऊ नये. या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणाऱ्या दांड्याच्या भोवती सुटी बेअरिंग नसतात. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या तोंडात आणि ब्लॉकमध्ये क्रँकला धरणाऱ्या तीन मेन बेअरिंगच्या जागी पांढरा धातू वितळवून ओतलेला असतो. आपल्याकडे त्याला व्हाइट मेटल किंवा सरळ बॅबिट म्हणतात. आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन माणसाने 1839 साली तो काढला. नव्वद टक्क्यांच्या आसपास कथील, बाकी अँटिमनी आणि तांबं.

कथील म्हटल्यावर मला ठाण्याच्या जांभळी नाक्याजवळचा कल्हईवाला आठवतो. भाता, निखारे, नवसागराचा नाकात जाणारा धूर, आणि कापसाच्या बोळ्याचा एक फेरा की काळं पातेलं चांदीसारखं. आई म्हणायची, पातेलं नीट घासलेलं नसलं तर कल्हई धरत नाही. पुढे वागळे इस्टेटमध्ये लेथवर आयुष्य गेलं, तिथे एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे बॅबिट ओतताना पाहिलं आणि कळलं की ही आईचीच गोष्ट. रॉड पोलादाचा. तो आधी स्वच्छ करायचा, नवसागर-झिंकचं फ्लक्स लावायचं, कथलाचा पातळ हात द्यायचा. मगच वर ओतलेलं बॅबिट त्याला धरतं. ब्लॉक मात्र बिडाचा आणि बिडाला कल्हई धरायला नाटकं फार. म्हणून तिथे फोर्डने ब्लॉकमध्येच भोकं ठेवलीत. धातू त्यांत उतरतो आणि खिळ्यासारखा अडकतो.

मिस्त्रींकडे थर्मामीटर नव्हता. कथील 232 अंशांना वितळतं, पण ओतायला बॅबिट चारशेच्या वर न्यावं लागतं. मिस्त्री खोक्याची देवदारी पट्टी कढईत बुडवायचे. पट्टी नुसती तपकिरी झाली तर "थांब", काळी पडून धूर सोडला तर "आण". ब्लॉक आधीच तापवलेला. मधे घालायच्या मँड्रेलवर, म्हणजे गोल दांड्यावर, चिमणीची काजळी धरलेली, म्हणजे धातू त्याला चिकटू नये. कडांना मातीचा बांध. आणि ओल कुठेच नको, नाहीतर धातू फटकन तोंडावर उडतो. ओतायचं एका दमात. मधे हात थांबला की तिथे थर पडतो, तो पुढे सुटतो. गार झाल्यावर हातोडीने हलकं ठोकून घ्यायचं, मग लाइन बोअरिंग, म्हणजे तिन्ही भोकं एका रेषेत कोरायची, मग निळा रंग लावून क्रँक फिरवायचा आणि जिथे डाग उमटेल तिथे स्क्रेपरने केसभर काढायचं. शेवटी दीड इंचाच्या जर्नलला, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागाला, एक-दीड थाऊ फट राहिली पाहिजे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मिस्त्री ती फट हाताला कळते म्हणायचे. मला अजून कळत नाही, मी प्लास्टिगेजची, म्हणजे मऊ प्लास्टिकची तार दाबून तिची रुंदी मोजतो.

मग बदललं का? कारण मला गाडी चालवायची आहे. प्रदर्शनापुरती मैदानात उतरवायची असती तर हात लावला नसता. मॉडेल एच्या रॉडला पंपाचं ऑइल दाबाने मिळत नाही. रॉडच्या कॅपला, म्हणजे तोंडाच्या खालच्या सुट्या अर्ध्या भागाला, चमच्यासारखा डिपर असतो, तो ऑइल पॅनमधल्या पन्हळीत बुडतो आणि मिळेल तेवढं ऑइल उचलतो. 2200 आरपीएमला सेकंदाला जवळपास 37 डुबक्या. रमतगमत जाणाऱ्या गाडीला ते पुरतं. घोडबंदर रोडला मागून कंटेनर हॉर्न मारत असताना पुरत नाही. तुम्ही पाय दाबता, रॉडवर प्रत्येक स्फोटाचा हातोडा बसतो आणि बॅबिट थकतं. त्याला कोंबडीच्या पायांसारखे तडे जातात, मग टवके. तांबं-शिशाची किंवा ॲल्युमिनियम-कथलाची शेल त्याच्या कितीतरी पट भार सोसते. आणि दुसरं कारण साधं आहे: मिस्त्री गेले. माझ्या ओळखीत आता ओतणारा कुणी नाही.

पण सगळं बदललेलं नाही, हे विचारणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. शेल फक्त चार रॉडना आहेत. तिन्ही मेन अजून बॅबिटचीच, मिस्त्रींच्या हातची. मेनला शेल बसवायची तर ब्लॉकमधलं बीड बोअर करून मोठं करावं लागतं, आणि काढलेलं बीड परत चिकटवता येत नाही. रॉडचं तसं नाही. मी रॉडचा वेगळा सेट घेतला, तो मशिनिंग करून त्यात शेल बसवल्या. क्रँकची रॉड जर्नल वीस थाऊने ग्राइंड केली, पण ती बॅबिटच्या दिवसांतही करावी लागायचीच. मूळ रॉड तसेच आहेत. जे उलटवता येतं ते केलं, जे येत नाही त्याला हात लावला नाही, एवढाच माझा नियम.

हे सुचायच्या आधी एक इंजिन मी घालवलंय, तेही मित्राचं. जुन्या बेअरिंगच्या कॅपखाली पत्र्याच्या पातळ चकत्या असतात, शीम. बेअरिंग झिजलं की एकेक शीम काढायचं, कॅप खाली बसते, फट पूर्ववत. हाताला तीच सवय. पहिल्यांदा शेल बसवल्या तेव्हा सवयीने शीम परत घातली. शेलचं गणित उलटं असतं. तिची दोन्ही टोकं कॅपच्या कडेपेक्षा किंचित उंच ठेवलेली असतात, कॅप टॉर्कने आवळली की ती दाबली जाऊन जागेवर घट्ट बसते. मी शीम घालून तो दाबच काढून घेतला. गायमुखच्या चढावर ठक-ठक सुरू झाली. स्क्रूड्रायव्हरने एकेक प्लग शॉर्ट करून त्याचा सिलिंडर बंद करत गेलो, तिसऱ्यावर आवाज मऊ पडला. खोललं तर शेल फिरलेली, ऑइलचं भोक झाकलेलं, जर्नल निळं पडलेलं. मित्र काही बोलला नाही. तेच जास्त लागलं.

तेव्हा शेल म्हणजे सुटका, असं समजू नका. बॅबिट मऊ असल्याने ऑइलमधला खडा पोटात घेऊन गप्प बसतं. शेलचा वरचा मऊ थर वीस मायक्रॉनच्या आसपास, तो काय गिळणार! आणि या इंजिनाला ऑइल फिल्टरच नाही. फोर्डने 500 मैलांना, म्हणजे 800 किलोमीटरला ऑइल बदला म्हटलं होतं. मी ठाण्याची धूळ बघून 500 किलोमीटरलाच बदलतो. शिवाय बॅबिट जायच्या आधी बरेच दिवस कुरकुरतं. शेल निमूट राहते आणि एके दिवशी जाते.

राहिला कायद्याचा मुद्दा, कारण तोही निघतोच. जुलै 2021 मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले, नंबरात व्हीए अक्षरं येतात ती तेव्हापासून. 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली, अशी त्यांची व्याख्या. बेअरिंग बदलणं मी दुरुस्ती समजतो. गाडीत झिजायसाठीच काही बनवलेलं असेल तर ते बेअरिंग. तुम्हाला फेरफार वाटत असेल तर वाटू दे, भांडणार नाही.

त्यापेक्षा घरी या. मूळ चारही रॉड ग्रीस लावून, मेणकापडात गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात ठेवलेत. मिस्त्रींनी मारलेले एक ते चार नंबर अजून दिसतात. डबा दिवाणाखाली आहे, बायको दर दिवाळीला विचारते हा कधी जाणार. बघायचा असेल तर ओढून काढा, फक्त दोन्ही हातांनी, कडी एका बाजूने निसटलीय.