कॅनडात अस्वलाच्या शिकारीला गेलो होतो, माझा अनुभव

आमच्या बुलढाण्याकडे अस्वल म्हणजे भ्यायची गोष्ट. ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला मामाचं गाव, पहाटे शेतात निघालेल्या कोणाला तरी अस्वलाने फाडलं हे लहानपणापासून ऐकत आलोय. आणि तेच अस्वल दरवेशी दारात घेऊन यायचा तेव्हा आजी त्याला पाच रुपये देऊन अस्वलाचा एक केस मागून घ्यायची, ताईतात घालायला. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद, त्यामुळे बंदूक वगैरे प्रकार कधी जवळून पाहिलाच नव्हता. कॅलगरीत बारा वर्षं काढल्यावर ऑफिसमधला पंजाबी मित्र म्हणाला चल बीसीत, म्हणजे शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, अस्वलाला जाऊ, तर मी हो कसं म्हणालो ते मलाही नीट सांगता येणार नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणे, "कायले मारतं रे त्याले, जांबुवंताचं रूप हाय ते."

आता आधी कागदपत्रं. इथे बंदूक बाळगायला पीएएल नावाचं लायसन्स लागतं, त्याआधी सेफ्टी कोर्स, लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत ८० टक्के पाहिजेत. प्रॅक्टिकलला बंदुकीचं तोंड चुकून परीक्षकाकडे वळलं की खेळ खलास, त्यामुळे मी ड्रायव्हिंग टेस्टला घाबरलो नव्हतो तेवढा इथे घाबरलो. फॉर्मवर बायकोची माहिती आणि सही मागतात, तिला याबद्दल काही काळजी असेल तर ती सांगू शकते. बायको पेन हातात घेऊन दोन मिनिटं नुसती माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला किमान २८ दिवस थांबावं लागतं, मला अडीच महिने लागले. मग बीसीचा आयडी, शिकारीचं लायसन्स, वर अस्वलाचं वेगळं लायसन्स. बीसीबाहेरच्या माणसाला तिथे मोठ्या जनावराची शिकार एकट्याने करताच येत नाही, लायसन्सवाला गाइड लागतो, नाहीतर खास परमिट काढलेला तिथला रहिवासी. आम्ही गाइड घेतला. पैसे विचारू नका, चौघांची भारतवारी झाली असती.

मेचा तिसरा आठवडा. क्रोसनेस्ट पासमधून फर्नी, क्रॅनब्रुक करत कूटनीच्या डोंगरात पोचलो. गाइड साठीतला माणूस, दिवसाला मोजून पन्नास शब्द बोलणारा. पोचल्या पोचल्या त्याने १०० मीटरवर कागद लावून तीन-तीन गोळ्या मारायला लावल्या. माझ्या तीन गोळ्या तीन गावाला. मग मान खाली घालून परत, परत, खांदा निळा होईस्तोवर, आणि शेवटी तिन्ही एका बशीएवढ्या जागेत बसल्या तेव्हा तो म्हणाला "ओके". बस.

मला वाटलेलं शिकार म्हणजे जंगलात दबकत दबकत चालणं. तसलं काही नाही, शिकार म्हणजे बसणं. बीसीत अस्वलाला आमिष लावायला बंदी आहे, म्हणून ते जिथे स्वतःहून येतं तिथे जाऊन बसायचं. थंडीभर झोपून उठलेलं अस्वल वसंतात गवत, क्लोव्हर आणि डँडेलियन खात फिरतं, आणि हे सगळं भरपूर उगवतं लाकूडतोडीच्या जुन्या बंद पडलेल्या रस्त्यांवर आणि तोडलेल्या जंगलाच्या मोकळ्या उतारांवर. समोरच्या डोंगरावर बसायचं आणि दुर्बिणीने एकेक ओंडका तपासायचा. पहिल्या दिवशी मी एकवीस अस्वलं शोधली, सगळी जळके बुंधे निघाली. गाइड म्हणाला, बुंधा चालायला लागला की मला सांग.

आणि दिसलं तरी लगेच मारायचं नाही, हेच खरं शिकायचं होतं. ग्रिझली म्हणजे मोठ्या तपकिरी अस्वलाची शिकार बीसीत २०१७ च्या शेवटी बंद झाली, मारता येतं ते काळं अस्वल, आणि तेही नावाला काळं, कधी कधी चक्क तपकिरी असतं, म्हणजे रंगावर जायचंच नाही. खांद्यावर उंचवटा आहे का, तोंड बाजूने बशीसारखं आत गेलेलं आहे का, नखं लांब आहेत का, हे बघायचं, तसं असेल तर ती ग्रिझली. मग नर की मादी, लहान की मोठं. कान डोक्यावर मोठे उभे दिसले तर लहान अस्वल, कान बारके आणि बाजूला गेलेले वाटले तर मोठं. आणि मग पिल्लं. दोन वर्षांच्या आतलं पिल्लू किंवा त्याच्यासोबतचं कुठलंही अस्वल मारणं गुन्हा आहे, आणि पिल्लं झाडावर चढून बसलेली असतात नाहीतर झुडपात, दिसतच नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी एक छान मोठं अस्वल एकटं चरत होतं, मी तर रायफल टेकवून तयार, मित्र म्हणतोय मार मार, गाइड डोळ्यावरची दुर्बीण न काढता म्हणाला थांब. वीस मिनिटं थांबलो. मग मागच्या सीडरच्या झाडावरून दोन काळी गाठोडी सरसर खाली उतरली. माझ्या पाठीतून जो घाम गेला ना. ती वीस मिनिटं गाइड नसता तर मी काय केलं असतं हे मी अजून मधूनच आठवतो.

तिसरा दिवस पाऊस, वर गोचिडी. पँट मोज्यात खोचून हिंडलो तरी एक काखेत सापडलीच.

चौथ्या दिवशी रात्री नऊच्या सुमाराला, इकडे मेमध्ये तेव्हा चांगला उजेड असतो आणि सूर्यास्तानंतर तासभर शिकार चालते, खालच्या रस्त्यावर एक नर आला. १४० मीटर. मादीच्या वासावर होता बहुतेक, खाली मान घालून तडक चालत होता. गाइडने तोंडाने बारीक आवाज केला, ते थांबलं, आडवं उभं राहिलं. श्वासाने रायफलच्या स्कोपवर, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीवर, वाफ धरलेली, हात असे थरथरत होते की अस्वल स्कोपमध्ये नाचत होतं. दरवेशाचं अस्वल आठवलं, खोटं नाही सांगत. पुढचा पाय पुढे जाऊ दे, गाइड म्हणाला. पाय पुढे गेला, मी ट्रिगर दाबला. ते उडी मारून झुडपात गेलं आणि थोड्या वेळाने आतून एक लांब कण्हल्यासारखा आवाज आला. गाइड म्हणाला, झालं, संपलं. मित्र पाठीवर थापा मारत होता, मला काही बोलताच येईना. अर्धा तास थांबायला लावलं. दाट केस आणि चरबीमुळे रक्त बाहेर फारसं सांडत नाही, हेडटॉर्च लावून पानापानावर शोधत गेलो, साठेक पावलांवर पडलेलं होतं. आधी अस्वलाचं लायसन्स कॅन्सल करायचं, म्हणजे ते वापरलं गेलं अशी खूण करायची, मगच हात लावायचा.

सोलताना जे दिसलं ते मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. कातडं निघालं की आत माणूसच. खांदे, मांड्या, आणि पुढचा पंजा तर अगदी हात, बोटांची पेरं मोजता येत होती. मी पाच मिनिटं बाजूला जाऊन बसलो. गाइडने काही म्हटलं नाही, नुसता टॉर्च माझ्या बाजूने वळवला नाही. पोटात सगळं हिरवं गवत, डँडेलियनची पिवळी फुलं तशीच्या तशी.

बीसीत मांस टाकून नुसतं कातडं नेता येत नाही, खाण्याजोगं मांस उचलावंच लागतं. पित्ताशयाला तर हात लावायचा नाही, त्याचा धंदा चालतो म्हणून ते बाळगणंच गुन्हा. रात्री दोनपर्यंत आम्ही मांस पाठीवर घालून दोन खेपा केल्या, गुडघे अजून बोलतात. मांसात ट्रायकिनेला नावाचा जंत असू शकतो आणि अस्वलाच्या बाबतीत फ्रीझरमध्ये ठेवून तो मरेलच असं नाही, आतपर्यंत ७१ डिग्री शिजवायलाच हवं. लोक थर्मामीटर घेऊन बसतात, आपण कुकर लावला. सात शिट्ट्या, काळा मसाला, खोबरं भाजून. चव बोकडासारखी नाही, डुकरासारखीही नाही, जरा गोडसर आणि धागेदार. बायकोने एक तुकडा खाल्ला आणि दुसरा घेतला, मी काही बोललो नाही.

फ्रीझरमध्ये अजून चार पाकिटं आहेत, बायकोने मार्करने मराठीत "अस्वल" लिहून ठेवलंय, म्हणजे मुलाच्या मित्रांनी उघडलं तरी कळायला नको. आईने नंतर फोनवर विचारलं, दिसलं का रे? मी म्हटलं, दिसलं. तिने पुढे विचारलं नाही.