चोडणच्या झाडावरचे हात

रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत होते, तेव्हा ब्राह्मणी घार दिसली. विटकरी अंग, पांढरंशुभ्र डोकं. मांडवीवर तिच्या सैल घिरट्या चालल्या होत्या, पंख क्वचितच हलत होते. एकदम तिरकी होऊन ती पाण्याला टेकली आणि पायात मासळी धरून वर उठली. खायलाही हवेतच सुरुवात केली, मान खाली घालून. या वेळी गोव्यातून हिच्यावरच लिहायचं, असं मी ठरवूनही टाकलं.

चोडणला मावसभाऊ घ्यायला आला होता. माझं घारपुराण ऐकून म्हणाला, "ताई, ती तर रोजचीच. चल, तुला आमचं झाड दाखवतो."

झाडाआधी त्याचा वास आला, उग्र आणि आंबूस. मग कलकलाट. मार्चची भर दुपार, आणि वडाच्या फांद्यांना पन्नास-साठ मोठी वटवाघळं लटकलेली. दिवसा ही गाढ झोपत असतील अशी माझी समजूत होती. पण उकाड्यानं सगळीच हैराण. एक जण पंख हलवून स्वतःला वारा घालत होता. त्याच्या मागून ऊन आलं, पंखातलं कातडं तांबूस उजळलं, आणि दुर्बिणीतून मी चक्क बोटं मोजली. चार लांबलचक बोटं, त्यांच्यामध्ये ताणलेलं पातळ कातडं, वर सुटा अंगठा आणि त्याला वाकडी नखी. हा तर हात होता! नकळत मी माझी बोटं फाकवून पाहिली.

घारीच्या पंखातही हाताचीच हाडं असतात, पण ती आखूड होऊन एकमेकांना जुळलेली. तिची भिस्त पिसांवर. उडताना पंखाच्या टोकाला फाकलेली बोटं दिसतात ना, तीही पिसंच. पसारा म्हणाल तर घारीचा सव्वा मीटरपर्यंत, या वटवाघळाचा 1.2 ते 1.5 मीटर. वजनात मात्र घार अर्ध्या किलोच्या आसपास आणि हा गडी किलोच्याही पुढे जातो. शिवाय घारीला उन्हानं तापून वर चढणारी हवा मिळते. वटवाघूळ निघतं तेव्हा ती हवा निवलेली असते, त्याला पंख मारतच जावं लागतं. लहान वटवाघळांसारखा प्रतिध्वनीचा आधारही याला नाही, फळ शोधायचं ते डोळ्यांनी आणि नाकानं.

"काजूच्या दिवसांत आम्ही सकाळी बिया वेचतो," भाऊ म्हणाला. "बोंडू त्यांनी चोखायचा, बी आमची."

रानात अशीच बी लांबवर पडते आणि रुजते. तरीही 1972च्या वन्यजीव कायद्यानं फळं खाणाऱ्या वटवाघळांना उंदीर-कावळ्यांच्या रांगेत, उपद्रवी म्हणून बसवलं होतं. 2022च्या दुरुस्तीनंतर या मोठ्या वटवाघळाला संरक्षण मिळालं. पन्नास वर्षं! मला याचं फार वाईट वाटतं. घारीला आपण गरुड म्हणून हात जोडतो, आणि याचं नाव घरात घेतलं तरी अपशकुन.

संध्याकाळी परत झाडाखाली गेलो. खारफुटीकडे एक घार उशिरानं परतत होती. ती दिसेनाशी झाली, तसं वडावरून पहिलं वटवाघूळ सुटलं. मग दुसरं, मग मोजता येईनात. डोक्यावरून जाताना पंखांचा फडफडाट स्पष्ट ऐकू येत होता. शेवटची फेरीबोट चुकेल म्हणून भाऊ हाका मारत होता, पण माझा पाय निघेना.