ढिगातल्या शिवराया आणि एक ठसा

मंडळी, मागच्या नोंदीत दुदांडी शिवरायांचा ट्रे लावून झाल्याचं लिहिलं होतं. शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामधल्या दोन आडव्या दांड्या, त्यांची जाडी, त्यांतलं अंतर, यावरून गट पाडले होते. त्या ट्रेला सध्या हात लावलेला नाही. या खेपेचा सगळा वेळ एका ठशाने, म्हणजे नाणं पाडायच्या कोरीव साच्याने, खाल्ला.

आधी लिलावाचं सांगतो. या हंगामात तीन लिलावांत बोली लावली आणि एकल, म्हणजे एकट्या नाण्याचा, लॉट एकही घेतला नाही. ठरवूनच. एकल लॉटमध्ये येते ती देखणी शिवराई: ‘श्री राजा शिव’ तिन्ही ओळी पूर्ण, मागे ‘छत्रपति’ स्पष्ट, ठिपक्यांचं कडं निम्म्याहून जास्त दिसणारं, आणि खाली कॅटलॉगमध्ये ठसठशीत मथळा, ‘छत्रपती शिवाजी महाराज, रायगड’. बोली चढते ती त्या मथळ्यावर. आता नाण्याकडे बघा. शिवराईवर ना साल, ना टांकसाळीचं नाव. राज्याभिषेक 1674 चा, पण महाराजांच्या नावाची ही नाणी त्यांच्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या पाडली गेली. पेशवाईत टांकसाळी ठेक्याने खाजगी लोकांना दिल्या जात, आणि ठसे कोरणारे हात बदलले तशी अक्षरंही बदलत गेली. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’. कुठे ‘पति’, कुठे ‘पती’. वजन, अक्षरांचं वळण आणि तांब्याची जाडी यांवरून जुनी कोणती आणि नंतरची कोणती याचा अंदाज बांधता येतो, पण ‘ही महाराजांच्या हयातीतलीच’ असं एका नाण्यावरून छातीठोक सांगणं अवघड. मथळा लिहिणाऱ्याला मात्र ते फार सोपं जातं.

म्हणून मी ढीग घेतो. ‘मराठा, तांबे, मिश्र, जसे आहे तसे’ असं लिहिलेला लॉट, एकच फोटो, त्यात नाणी एकमेकांवर चढलेली. या लॉटवर चढाओढ कमी असते, कारण फोटोवरून कुणालाच धड काही कळत नाही. मी आधी लिलावघराला विचारून दोन्ही बाजूंचे फोटो मागवतो. एका ठिकाणी लगेच मिळाले, दुसऱ्या ठिकाणी ‘प्रत्यक्ष येऊन बघा’ असं उत्तर आलं, म्हणून जाऊन बघितलं. पूर्वदर्शनाच्या दिवशी ढिगाच्या टेबलाशी गर्दी नसते. भिंग काढून निवांत बसता येतं, हा त्याचा खरा फायदा.

नव्याने आलेल्यांसाठी एक हिशेब. हातोडा पडतो ती किंमत शेवटची नसते. समजा 4,000 ला लॉट सुटला आणि खरेदीदाराचा प्रीमियम, म्हणजे लिलावघराचं वरचं शुल्क, 15 टक्के असला, तर 4,600 झाले. त्यावर कर, त्यावर कुरिअर. टक्केवारी प्रत्येक घराची वेगळी, अटींच्या पानावर छापलेली असते. मी वरची मर्यादा सगळं धरून काढतो आणि उलट्या दिशेने बोलीवर येतो. तो आकडा कागदावर लिहून समोर ठेवलेला असला की शेवटच्या क्षणी हात आवरतो.

आता ठशाकडे.

शिवराईचा ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असे. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर तांब्याची चकती, वर दुसरा ठसा, आणि घणाचा घाव. चकती ठशाच्या मधोमध पडेलच असं नाही. त्यामुळे एका नाण्यावर ‘श्री’चा माथा येतो तर ‘शिव’चा पाय कापला जातो, दुसऱ्यावर उजवीकडचं कडं येतं आणि डावीकडचा ‘रा’ जातो. पूर्ण ठसा एका नाण्यावर जवळजवळ कधीच मिळत नाही. पण एकाच ठशाची पाच-सहा झिजकी नाणी जमली तर प्रत्येकावरचा वेगळा तुकडा एकावर एक ठेवून अख्खा ठसा उभा करता येतो. हे काम ढिगातच होऊ शकतं. एकाच ठिकाणी वापरलेली, कदाचित एकाच गाडग्यातून आलेली नाणी पुष्कळदा एकत्रच विकली जातात. ‘गाडग्यातली’ असं विक्रेता फुशारकीने सांगू लागला तर मात्र सावध व्हा. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांवरच्या किमतीचं धन सरकारला कळवायचं, असं 1878 चा निखात निधीचा कायदा सांगतो. मी तशा नाण्यांपासून लांब राहतो आणि जुन्या संग्रहातून आलेला, तसं कॅटलॉगमध्ये नमूद असलेला लॉटच घेतो.

या ठशाची पहिली ओळख ‘जा’च्या कान्यावरून पटली. काना खाली उतरताना डावीकडे किंचित झुकतो आणि ‘शिव’च्या शिरोरेघेला जवळपास टेकतो. असा काना माझ्याकडे आधीपासून एका शिवराईवर होता. ढिगात तो पुन्हा दिसला, मग आणखी एकदा. पण कानाच नुसता जुळून चालत नाही. एकाच कारागिराने दोन ठसे कोरले तर वळण सारखंच येणार. खात्री व्हायला अपघाती खुणा लागतात: ओळीतून सुटलेला एखादा ठिपका, कोरणी घसरल्याची रेघ, ठशाला गेलेली चीर.

चीर मिळाली. ‘व’च्या माथ्यापासून कड्याकडे जाणारी, नाण्यावर उंच उठलेली बारीक रेघ. उंच, हे महत्त्वाचं. ठशाला चीर गेली की तांबं त्या फटीत शिरतं आणि नाण्यावर उंचवटा येतो. नाण्यालाच ओरखडा गेला असेल तर तो आत खोल दिसतो. तिरप्या उजेडात सावली कुठल्या बाजूला पडते ते बघितलं की लगेच उलगडतं.

याहून मजा पुढेच आहे. ही चीर सगळ्या नाण्यांवर सारखी नाही. दोघांवर ती मुळीच नाही, एकावर केसासारखी, बाकींवर जाड आणि कड्यापर्यंत पोचलेली. म्हणजे आधी कोणतं पाडलं, नंतर कोणतं, हा क्रम लागला. साल नसलेल्या नाण्यांना आपापसांत मागे-पुढे तरी लावता आलं! मागची बाजू बघितली तर या एकाच पुढच्या ठशाबरोबर ‘छत्रपति’चे दोन वेगवेगळे ठसे वापरलेले आहेत. चीर नसलेल्या दोन्ही नाण्यांवर एक, बाकींवर दुसरा. मागचा ठसा आधी निकामी झाला असावा. घणाचा मार थेट सोसणारा वरचा ठसा लवकर जातो, तेव्हा ‘छत्रपति’ वर होतं असं म्हणावंसं वाटतं, पण एका जोडीवरून एवढं बोलणार नाही.

पद्धत साधी आहे. मोबाइल स्टँडवर, उंची कायम, शेजारी मिलिमीटरची पट्टी, दिवा एकाच बाजूने. फोटो संगणकावर एकाच प्रमाणात आणून अर्धपारदर्शक करून एकमेकांवर सरकवायचे. शिरोरेघ आणि तीन ठिपके बसले की बाकीचं आपोआप बसतं, नाही बसलं तर तो ठसा वेगळा. वजन काट्यावर दोन दशांशांपर्यंत घेतो, कारण झीज आणि हलकी चकती यांत फरक करायला ते लागतं.

ढिगातल्या एका नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली. गडद, घट्ट, गुळगुळीत हिरवा थर म्हणजे तांब्याचं वयच, त्याला हात लावायचा नाही. नखाने सुटणारी फिकी भुकटी म्हणजे क्लोराइडचा रोग, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तो झपाट्याने खातो. ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून पाणी बदलत राहिलो, मग अ‍ॅसिटोन, पूर्ण वाळवणं, आणि सिलिका जेल घातलेल्या घट्ट डबीत वेगळं. हवा कोरडी राहिली तर रोग दबून राहतो. चिंच, लिंबू, पितांबरी यांची नावंही काढू नका. नाणं चकचकीत होतं आणि संग्राहकाच्या लेखी संपतं. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतूनही नाणी बाहेर काढा, त्यांतून कालांतराने हिरवा चिकटा सुटतो. मायलार, म्हणजे पॉलिएस्टरची फिल्म, चालतं.

त्याच लिलावात एक अंकुशी, म्हणजे हत्तीच्या अंकुशाची खूण असलेला, चांदीचा रुपयाही घेतला. खरं तर योजनेबाहेरचा, पण अंकुश पूर्ण उमटलेला होता. फारसीत शाहआलम बादशहाचं नाव, आणि रुपया मराठ्यांचा! सराफांनी परखताना मारलेल्या खुणांमुळे त्याचा भाव उतरला होता, मला त्या खुणा आवडतात.

होनही, म्हणजे महाराजांचं सोन्याचं नाणं, आला होता. तो नुसता बघितला. होनाच्या बाबतीत विशिष्ट गुरुत्व मोजून फारसं हाती लागत नाही, कारण खोटं करणारा खरंच सोनं वापरू शकतो. तिथेही शेवटी ठसाच बोलतो, आणि ताडून बघायला खात्रीचे होन फार थोडे आहेत.

ठशाची डावी बाजू अजून अपुरी आहे. ‘रा’च्या डावीकडचं कडं एकाही नाण्यावर आलेलं नाही. परदेशातल्या एका संग्राहकाने दुबार नाण्यांची अदलाबदल सुचवली होती, पण शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्याने देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणून आम्ही फोटो आणि वजनांवर भागवतोय. तुमच्याकडे डावीकडे झुकलेल्या कान्याची शिवराई असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो पट्टीसह टाका, वजनही लिहा. झिजलेली असली तरी हरकत नाही, ‘रा’च्या डावीकडचे चार ठिपके दिसले तरी पुरे.