तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापूरच्या पोरांना इराक कशाला?

पालक मीटिंगला दर वर्षी कुणीतरी विचारतंच, मॅडम, पाच हजार वर्षांपूर्वीचं इराक सहावीच्या पोरांना कशाला, आधी आपला जिल्हा तरी नीट कळू दे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मला जिल्हाच शिकवायचा असतो आणि त्यासाठी मला इराक लागतं.

नकाशा लावते, तैग्रिस, युफ्रेटिस आणि मधलं मेसोपोटेमिया, नावाचा अर्थच दोन नद्यांमधला मुलूख. आपल्याकडं अशा दोन नद्या कुठल्या? भीमा-सीना, लगेच येतं. मेसोपोटेमियात पाऊस कमी, म्हणून त्याच्या दक्षिणेकडच्या सुमेर भागातल्या लोकांनी पाट काढून पाणी रानात आणलं, उरुकसारखी शहरं झाली, धान्याचा हिशेब ठेवायला इ.स.पू. 3200 च्या आसपास ओल्या मातीच्या पाट्यांवर बोरूनं खुणा केल्या, तिथनं त्यांची लिपी आली. इथपर्यंत पोरं नुसती ऐकतात.

खरा तास सुरू होतो मिठापाशी. सपाट रान, वर कडक ऊन, दिलेल्या पाण्याला निघून जायला वाट नाही, मग पाणी उडून जातं न् क्षार वर येऊन बसतात, गहू तग धरेना तिथं लोक जव घ्यायला लागले, जव खार जास्त सोसतो ना. हे सांगत होते तर मोहोळकडचा एक मुलगा उठला, म्हणला, मॅडम आमच्या खालच्या रानात पण मीठ फुटलंय, ऊस पिवळा पडतोय, आजोबा म्हणतात कॅनॉल आल्यापासनं. उजनीचा कॅनॉल. मग अजून तीन-चार जणांची रानं निघाली, एकीच्या काकांनी चर काढलेत म्हणे, पुस्तक त्या दिवशी मिटलंच आणि निचरा म्हणजे काय हे पोरांनीच मला सांगितलं.

सोलापूर शहराच्या पूर्व भागातली पोरं, ज्यांच्या घरात दिवसभर यंत्रमाग खडखडतो, त्यांच्यासाठी मी तेर काढते. धाराशिवजवळचं तेर म्हणजे जुनं तगर, पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी पुस्तकात त्याचं नाव आहे, तिथलं कापड गाड्यांवरनं भडोचला जायचं न् पुढं जहाजानं रोमन लोकांच्या बाजारात. आपल्या टॉवेलची एक्स्पोर्टची वाट किती जुनी आहे ते बघा.

मोहोळचा तो मुलगा दुसऱ्या दिवशी परत आला, मॅडम, मग आता इराकात काय पिकतं? म्हणलं, बरंच काही, पण खजूर बघ, खजुराला खार चालतो. त्यानं ते वहीत नाही, तळहातावर पेनानं लिहून घेतलं, आजोबांना सांगायला.