तुम्ही विचारलंत म्हणून: रोग माहीत असूनही ही मुलं का घाबरली?

नर्सिंगच्या आणि एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांचे पालक हे हमखास विचारतात: ‘रोगातलं यांना आमच्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं, मग कोविडमध्ये हीच मुलं जास्त का धास्तावली होती?’

कारण त्यांना रोग माहीत होता, पण रोगासमोर उभं राहून काय करायचं ते अजून हातात बसलं नव्हतं. भारतात नोंदलेली पहिली कोविड रुग्ण वैद्यकीय विद्यार्थिनीच होती, वुहानहून केरळात परतलेली. तारीख ३० जानेवारी २०२०. पुण्यात ९ मार्चला रुग्ण सापडले आणि थोड्याच दिवसांत कॉलेजं बंद झाली, होस्टेलं रिकामी झाली. फुप्फुसात काय बिघडतं हे वाचलेली मुलं घरी बसून मृत्यूचे आकडे पाहत राहिली. पुढे मे २०२१ मध्ये, दुसरी लाट भरात असताना, केंद्राने शेवटच्या वर्षाच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांना वरिष्ठांच्या देखरेखीखाली सौम्य रुग्णांच्या कामाला घ्यायची मुभा दिली.

या मुलांना सर्वांत जास्त छळलं ते श्वासाने. आपल्याला धाप लागतेय, म्हणजे न्यूमोनिया सुरू झाला, असं रात्री दोन वाजता वाटायचं. इथे ज्ञान नेमकं वापरता येतं. भीतीने श्वास जलद होतो, कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, मग ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. ऑक्सिमीटर मात्र रक्तातला ऑक्सिजन ९८ टक्के दाखवतो. कोविडच्या न्यूमोनियात अनेकदा उलटं घडायचं: माणूस शांतपणे बोलतोय आणि आकडा ८८. म्हणून धापेच्या जाणिवेवर न विसंबता मोजायचं. बोट गरम करा, नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर दुसरं बोट घ्या, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. मग पूर्ण एक मिनिटभर किती श्वास होतात ते मोजा. २४ किंवा जास्त असतील तर डॉक्टरांना कळवा. विश्रांतीचा आकडा ठीक असेल तर सहा मिनिटं घरातच चालून पुन्हा मोजा. ९४ च्या खाली गेला किंवा ३ ने उतरला तर वाट पाहू नका.

दुसरी भीती घरच्यांना लागण करण्याची. तिच्यावर समजुतीच्या शब्दांचा उपयोग होत नाही, सरावाचा होतो. पीपीई किट घालताना मुलं सावध असतात. चुका होतात उतरवताना, कारण ड्यूटी संपलेली असते, अंग घामाने भिजलेलं असतं आणि बाथरूमला जायची घाई असते. ग्लोव्हज सुरुवातीला, मास्क सगळ्यात शेवटी, तोही रुग्णाच्या खोलीबाहेर आल्यावर. मधल्या पायऱ्यांनंतर सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद हात चोळायचे. एन-९५ चा पुढचा भाग धरायचा नाही. आधी खालचा पट्टा, मग वरचा. जोडीदाराने समोर उभं राहून एकेक पायरी मोठ्याने सांगायची. सरावात किटला बाहेरून रंग फासा आणि उतरवल्यावर मनगटावर, मानेवर तो कुठे लागला ते विद्यार्थ्यालाच पाहू द्या. रंग लागायचा थांबला की त्या हातांवर त्याचा स्वतःचा विश्वास बसतो. दाढी ठेवून एन-९५ नीट बसत नाही, हेही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं.

संपर्क आला असं वाटलं तर तारीख, अंतर, वेळ आणि तोंडावर काय होतं, एवढं लगेच लिहून ठेवायचं. एक मीटरच्या आत, १५ मिनिटांपेक्षा जास्त, मास्कशिवाय, असा संपर्क धोक्याचा धरला जाई. तसा नसेल तर रोज नवी शंका काढायची गरज उरत नाही. आणि संपर्कानंतर दुसऱ्याच दिवशी केलेल्या आरटीपीसीआरच्या निगेटिव्ह निकालावर निर्धास्त होऊ नये. विषाणू सापडण्याइतका वाढायला काही दिवस लागतात.

कॉलेजांनी तेव्हा चिंता मोजण्यासाठी जीएडी-७ ही प्रश्नावली बरीच वापरली. सात प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, काळ मागच्या दोन आठवड्यांचा. १० किंवा त्याहून जास्त आले तर पुढची तपासणी. तिचा शेवटचा प्रश्न आहे, काहीतरी भयंकर घडेल अशी भीती वाटते का? एप्रिल २०२१ मध्ये कोणता शहाणा माणूस नाही म्हणाला असता? म्हणून नुसत्या बेरजेवर निदान करणं मला चुकीचं वाटतं. झोप येते का, जेवण जातं का, वॉर्डच्या दारातून परत फिरावंसं वाटतं का, हे समोर बसून विचारायलाच हवं. आणि हे विचारणारा माणूस इंटर्नल मार्क देणारा नसावा, नाहीतर मुलं सगळीकडे शून्य लिहितात. जीव नकोसा वाटतो असं कोणी म्हणालं, तर बेरीज कितीही असो, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आता चोवीस तास चालतो, तिथे मराठीतही बोलता येतं.

तेव्हा पालकांनो, मुलीला ‘तू घाबरतेस कशाला’ म्हणण्याऐवजी विचारा: किट उतरवायचा सराव किती वेळा करून घेतला, आणि संपर्क आला तर रात्री कुणाला फोन करायचा? दुसऱ्या प्रश्नाला तिच्याकडे नाव आणि नंबर नसेल, तर तो कॉलेजकडे लेखी मागा.